मास्तरचा पगार हा आपला प्रश्न आहे

(गिरणी कामगारांच्या सभेत एका निवृत्त मुख्याध्यापकाने केलेले भाषण)



मघाशी सभेला येताना एका जुन्या साचेवाल्याने मला दारातच गाठले. म्हणाला, "मास्तर, आज कशावर बोलणार?" मी म्हटले, "शिक्षकांच्या पगारावर." त्याने कपाळाला हात लावला. "अहो, आमच्या घरांचं बोला, थकलेल्या देण्यांचं बोला. मास्तरांना काय कमी आहे? पंख्याखाली बसून पगार, वर दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी!"

त्या गृहस्थाचा मला राग आला नाही. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या मनात हेच आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यालाच उत्तर द्यायला मी उभा आहे.

आधी माझी ओळख सांगतो. मी परका माणूस नव्हे. माझा बाप परळच्या एका गिरणीत साचे चालवीत होता. दहा बाय बाराची खोली, खाणारी तोंडं सात आणि घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. १९७६ साली एका खाजगी शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो आणि २०११ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आज गिरणगावात भोंगा वाजत नाही. तुमच्यापैकी कुणी निवृत्त झालात, कुणाची गिरणी बंद पडली, कुणाची मुले भिवंडीला, इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत, कुणी सूतगिरणीत आहेत. पण एक गोष्ट बदललेली नाही. आपले पोर साच्यावर जाऊ नये, शिकून मोठे व्हावे, ही इच्छा माझ्या बापाची होती, ती तुमचीही आहे. त्या इच्छेची किल्ली ज्याच्या हाती आहे त्या माणसाची ही गोष्ट आहे.

वर्गातला बदली कामगार

बदली कामगार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावे काय? पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणाचा खाडा पडला तर काम, नाही तर चालते व्हायचे. साचा तोच, कापड तेच, घाम तोच. पण कायम माणसाला जे मिळे ते बदलीला नाही. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा जो मोठा संप सुरू झाला, त्यात पगारवाढीच्या जोडीला बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, हे तुम्ही विसरला नसाल.

आता ऐका. २००० साली महाराष्ट्र सरकारने 'शिक्षणसेवक' नावाची योजना काढली. नाव मोठे गोंडस! सेवक म्हटले की पगार मागायची सोय राहिली नाही, त्याला म्हणायचे मानधन. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर काम करायचे, मगच त्याला वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षकाला सुरुवातीला महिन्याला तीन हजार रुपये होते. पुढे ते सहा हजार झाले आणि २०२२ साल संपेपर्यंत तिथेच अडकून पडले. २०२३ च्या जानेवारीपासून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजार केले.

आता हिशेब करू. आपण हिशेबाची माणसे आहोत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पदविकाधारक प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये. शिक्षणसेवकाला सोळा हजार. म्हणजे महिन्याला १३,२०० रुपये कमी. छत्तीस महिन्यांचे झाले ४,७५,२०० रुपये. यात महागाईभत्ता धरलेला नाही, घरभाडे धरलेले नाही. शेजारच्या वर्गात कायम शिक्षक तेच पुस्तक, त्याच वयाच्या मुलांना शिकवतो. मग हे पावणेपाच लाख कशाबद्दल कापले? नवा आहे म्हणून? नव्या माणसाला भूक कमी लागते काय? त्याच्याकडून किराणावाला कमी पैसे घेतो काय?

एक अनुभव सांगतो. २००६ साली माझ्या शाळेत गणिताचा एक तरुण शिक्षणसेवक होता. हातात खडू घेतला की मागच्या बाकावरचे पोरही मान वर करून ऐके. पगाराच्या दिवशी आम्ही कायम मंडळी शिक्षकखोलीत भत्त्याच्या फरकाच्या गोष्टी करायचो, आणि तो पोरगा वह्यांचा गठ्ठा घेऊन मुकाट्याने बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचा. दिवाळीनंतर तो आलाच नाही. एका मालाच्या गोदामात हिशेबनीस म्हणून लागला. तिथे दीडपट मिळत होते. नवा माणूस मंजूर होईपर्यंत चार महिने गेले. दहावीचा वर्ग गणिताविना. मी मुख्याध्यापकाचे काम सांभाळून जमेल तसे तास घेतले, पण ते ठिगळच. त्या वर्षी गणितात जी मुले पडली त्यांत तीन गिरणी कामगारांची होती. त्यांतला एक पुढे कधी शाळेत आला नाही.

आता सांगा, तो पगार कुणाचा कापला गेला? त्या शिक्षकाचा की त्या पोराचा?

जोतीरावांनी आकडा सांगितला होता

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. बहुजनांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्या, हे तर ते म्हणालेच. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षक शक्य तर शेतकऱ्यांच्या घरातून आलेले, त्यांच्यात मिसळणारे असावेत, शिकवण्याचे शिक्षण घेतलेले असावेत, आणि अशा शिक्षकाला महिन्याला बारा रुपयांहून कमी पगार असू नये, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, असा रोखठोक आकडा त्यांनी सांगितला.

बघा हं! ज्या माणसाने शाळा काढल्या, ज्याच्या पत्नीने शेणाचे गोळे झेलून शिकवले, तो माणूस त्यागाच्या गप्पा मारीत नाही, आकडा सांगतो. कारण त्याला कळले होते की उपाशी मास्तराची शाळा चालत नाही. आणि याच जोतीरावांचे साथी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० साली तुम्हाला रविवारची सुट्टी मिळवून दिली. मास्तरचा पगार आणि कामगाराची सुट्टी, दोन्ही मागण्या एकाच घरातून निघाल्या आहेत. आपणच मधे भिंत घातली.

चौपन्न दिवस आणि त्यानंतर

महागाईभत्ता ही चीज तुमची. १९४० च्या मार्चमध्ये युद्धाच्या महागाईत मुंबईचे गिरणी कामगार भत्त्यासाठी संपावर गेले होते. आम्हा शिक्षकांना ती अक्कल उशिरा आली. १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. मागणी एकच, केंद्र सरकारच्या नोकराला जो महागाईभत्ता तोच आम्हाला. तो संप चौपन्न दिवस चालला. संप मिटला तेव्हा हातात काही पडले नव्हते. केंद्राच्या दराचा भत्ता त्यानंतर १९७८ सालीच नव्या सरकारने मान्य केला.

माझी तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्षाची नोकरी. दोन पगार बुडाले. बाबा रातपाळीहून आले की मला वाटे, आता बोलतील. एकदाच बोलले. म्हणाले, "संपात पहिला महिना पोट ओरडतं, दुसरा महिना बायको ओरडते. तू कान बंद ठेव. चूल माझ्या पगारावर चालंल."

चार वर्षांनी पाळी उलटली. १९८२ साली बाबा संपावर गेले आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. तेव्हा घरातली चूल माझ्या पगारावर चालली. आणि चालली कशी? तर त्या चौपन्न दिवसांत मागितलेल्या महागाईभत्त्यावर! कामगाराच्या पगाराने शिक्षकाचा संप तारला आणि शिक्षकाच्या पगाराने कामगाराचा. हे पुस्तकात वाचलेले नाही, एकाच खोलीत पाहिलेले आहे.

सही एका आकड्यावर, हातात दुसराच

त्या काळी खाजगी शाळेत काय चाले? मी ज्या संस्थेत प्रथम लागलो तिथे पगारपत्रकावर सही एका आकड्यावर घेत आणि पाकिटात दुसराच आकडा असे. उरलेला "संस्थेला देणगी". तोंड उघडले तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घरी पाठवत आणि जूनमध्ये पुन्हा नवी नेमणूक, म्हणजे नोकरी कधी जुनी होऊच नये! जॉबरच्या हाती दस्तुरी ठेवल्याशिवाय साचा मिळत नसे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथला जॉबर सरस्वतीच्या फोटोला हार घाली.

म्हणून कायदा झाला. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. त्याने पगाराला श्रेणी आली, नेमणुकीला लेखी आदेश आला, उठसूट काढण्याला लगाम बसला. काढले तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत दाद मागता येऊ लागली. शिक्षकच नव्हे, मुख्याध्यापक, कारकून, शिपाई सगळे त्यात आले.

पण एका दाराने दिलेले दुसऱ्या दाराने काढून घ्यायची विद्या सरकारला उपजत असते. सरकारने शाळांना परवानगी देताना अट घातली, 'कायम विनाअनुदान'. म्हणजे शाळा काढा, पण आमच्याकडे पैसा कधीही मागू नका. २००९ साली त्यातला 'कायम' शब्द काढला. मग तपासण्या, याद्या, फेरतपासण्या. २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले. वीस टक्के म्हणजे काय? माध्यमिकच्या पदवीधर शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये. त्याचा पाचवा हिस्सा ७,७२० रुपये. तोही ज्याला मिळाला त्याला. पूर्ण पगाराची वाट पाहता पाहता माणसांच्या मिशा पिकल्या. सकाळी शाळेत फळ्यावर भूमिती आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, असे शिक्षक मी पाहिले आहेत. २०२५ च्या जुलैत, ऐन पावसात, हेच शिक्षक पुढच्या टप्प्याच्या पैशासाठी आझाद मैदानात चिखलात बसले होते. ज्या मैदानाने आपले मोर्चे पाहिले त्याच मैदानात.

म्हातारपणाची काठी

पेन्शनचे काय, हे तुम्हाला नीट कळेल, कारण १९९५ च्या योजनेतली तुमची पेन्शन किती येते, हे तुम्हाला माहीत आहे. २०१४ साली तिची किमान रक्कम ठरली ती महिन्याला हजार रुपये! हजार रुपयांत औषधाची चिठ्ठीसुद्धा भागत नाही.

शिक्षकाला जुनी पेन्शन होती. पण १ नोव्हेंबर २००५ पासून जो लागला त्याला ती बंद. त्याच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि बाजार देईल ते घ्यायचे. एकाच शाळेत, एकाच श्रेणीत, एकजण ऑक्टोबर २००५ ला लागला, दुसरा नोव्हेंबरला. पहिल्याला काठी, दुसऱ्याला सट्टा! म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा भरली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. संपाने काहीच मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण मी विचारतो, ज्याची उमेदीची पंधरा वर्षे विनाअनुदानात गेली त्याने ही पंचवीस कुठून भरायची?

हेडमास्तर आणि शिपाई

हेडमास्तर म्हणजे साहेब, अशी समजूत आहे. साहेब कसला! पगारबिल त्याने संगणकावर भरायचे, मुलांचे आधार क्रमांक जुळवायचे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब द्यायचा, गळक्या छपराचा पत्रव्यवहार करायचा, आणि पट कमी भरला तर शिक्षकांची पदे उडतात म्हणून दारोदार फिरून मुले गोळा करायची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला दीडशेच्या वर मुले असतील तरच मुख्याध्यापक धरला आहे. लहान शाळेत तेच काम एका शिक्षकाच्या गळ्यात. म्हणजे एका माणसाने दोन साचे चालवायचे. ही वाढीव साच्यांची युक्ती तुम्ही ओळखता!

आणि शिपाई? २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारने ठरवले की अनुदानित शाळांत शिपायाचे पद रिकामे झाले की ते संपले. त्याबदली शाळेला ठोक भत्ता. मुंबई-पुण्यात महिना दहा हजार, इतर महानगरपालिकांत साडेसात हजार, खेड्यात पाच हजार. त्यात मिळेल तो माणूस ठेवा. घंटा वाजवणारा, पाणी भरणारा, संध्याकाळी पोरी बाहेर पडेपर्यंत फाटकाशी उभा राहणारा माणूस! ही नोकरी कुणाच्या घरात यायची? आपल्याच. गिरणी बंद पडल्यावर कितीतरी जणांची पोरे शाळेत शिपाई म्हणून लागली आणि कायम झाली, म्हणून तगली. ते दार आता बंद होत चालले आहे.

आता तुमचे दोन सवाल

पहिला सवाल, सरकारने पैसा कुठून आणायचा? कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते की राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, आणि शाळा सरकारी असो, नगरपालिकेची असो की खाजगी, शिक्षकाला वेतन सारखेच द्या. त्या आयोगाचे सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आकडा साठ वर्षे कागदावर पडून आहे. समान कामाला समान वेतन, हे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या हंगामी कामगारांच्या बाबतीत मान्य केले. मग २०१९ साली बिहारच्या नियोजित शिक्षकांनी तेच मागितले तेव्हा त्याच न्यायालयाने नाही म्हटले. म्हणून सांगतो, केवळ कोर्टाच्या पायरीवर बसून हे मिळणार नाही. लोकांनी, म्हणजे तुम्ही, मागितले पाहिजे.

दुसरा सवाल जास्त टोकदार आहे. कायम मास्तर शिकवतात कुठे? खरे बोलू. काही शिकवत नाहीत. भरगच्च पगार घेऊन वर्गात फोन बघत बसणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना मी मुख्याध्यापक म्हणून पुरेसे टोकले नाही, ही माझी चूक मी इथे कबूल करतो. आपल्या शेजारी बसणारा पोरगा निम्म्याहून कमी पगारात राबतो आणि आपण आपल्या फरकाचे बिल घेऊन गप्प बसलो, हीही आम्हा कायम मंडळींची चूक. पण गिरणीत एक कामगार झोपला म्हणून सगळ्या खात्याचा पगार कापा, असे मालक म्हणाला तर तुम्ही ऐकले असते काय?

कामचुकाराला जाब विचारायचा हक्क कायद्याने तुम्हालाच दिला आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. किती ठिकाणी ती बैठक भरते? किती आयाबाया तिथे बोलतात? की नुसत्या कोऱ्या कागदावर सह्या होतात? तिथे जा, बसा, विचारा. बाई वेळेवर येतात का, विचारा. आणि त्याच दमात हेही विचारा की बाईंना पगार वेळेवर मिळतो का. पगार देणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला, दोघांनाही जाब विचारणारा माणूस म्हणजे पालक.

मागण्या थोड्या, पण चोख

एक. एका शाळेत एका कामाला एकच पगार. शिक्षणसेवक ही बदली पद्धत बंद करा.
दोन. अनुदानाचा टप्पा जाहीर करताना पैसाही त्याच दिवशी द्या. पगार पहिल्या तारखेला झालाच पाहिजे.
तीन. शिपाई, कारकून, मुख्याध्यापक ही शाळेची पदे आहेत. ती ठोक रकमेत विकू नका.
चार. पगार पुरा घेणाऱ्याने तास पुरा घ्यावा. त्याचा हिशेब पालकांच्या समितीपुढे द्यावा.

पहिल्या तीन मागण्या सरकारकडे आहेत. चौथी माझ्या शिक्षकबंधूंकडे आहे. चौथी पाळली नाही तर पहिल्या तिन्ही मागायला त्यांना तोंड राहणार नाही, हे मी त्यांच्या सभेतही सांगतो.

माझ्या त्या दारात भेटलेल्या साचेवाल्या मित्राला शेवटचे एक काम सांगतो. रात्री घरी गेलास की नातीला जवळ बसव आणि विचार, "पोरी, तुझ्या बाई कायम आहेत का गं?" तिला माहीत नसेल. मग उद्या शाळेच्या फाटकाशी जा आणि बाईंनाच विचार. बदलीचा पास खिशात घेऊन उभे राहिल्यावर कसे वाटते, ते विचारायचा अधिकार तुझ्याइतका कुणाला आहे?

कामगार-शिक्षक एकजुटीचा विजय असो!